विलिबाल्ड उठेपर्यंत

कासेल, मार्च

प्रिय हेनिंग,

फोनवर तू मला वाक्य पुरं करू देत नाहीस, म्हणून लिहिते आहे. शेवटपर्यंत वाच, आणि जेवताना वाचू नकोस. यात झुरळं आहेत.

दर रविवारी तू विचारतोस, उठला का? मी म्हणते, अजून नाही. तुला सरड्याची एवढी काळजी नाही, हे आपल्या दोघांनाही ठाऊक आहे. ऑक्टोबरात तू आणि आनिका येऊन गेलात, तेव्हा तू माझ्या स्वयंपाकघरात उभ्याउभ्याच सगळं ठरवून टाकलंस. फ्रायबुर्गच्या तुमच्या घरातली खालची खोली तयार आहे, फरशीखालून गरम पाणी फिरतं, पाय कधी गार पडणार नाहीत, नाताळाआधी सामान हलवू. मी म्हटलं, विलिबाल्ड हिवाळाभराच्या झोपेला लागायच्या बेतात आहे, आता त्याला एवढ्या लांब हलवता येणार नाही. तो उठला की उत्तर देईन. "एका सरड्यासाठी, आई?" असं म्हणून तू आनिकाकडे पाहिलंस. सरडा तुझ्याच मुलीचा आहे, हे मी तेव्हा बोलले नाही, आता बोलते. ज्यूल शिकायला नॉर्वेला गेली, आनिकाला घरात किडे नकोत, म्हणून हा दाढीवाला सरडा काचेच्या पेटीसकट तूच माझ्याकडे आणून ठेवलास, फक्त उन्हाळ्यापुरता. असे तीन उन्हाळे गेले.

आता त्याच्या झोपेबद्दल. दिवा घालवला आणि झालं, असं ते नसतं. मी पाण्याच्या प्रयोगशाळेत आयुष्य काढलं आहे, मला अर्धवट काम जमत नाही. आधी त्याची शी डॉक्टरांकडे तपासायला पाठवली. पोटात जंत असले तर झोपेत ते त्याला पोखरतात. मग खाणं बंद केलं, पण दिवा आणि ऊब चालूच ठेवली, कारण थंडीत पचन थांबतं आणि पोटात राहिलेलं तिथेच सडतं. तो काचेला नाक लावून माझ्याकडे असा बघायचा, जणू मी त्याचं पेन्शन बंद केलं आहे. कोमट पाण्यात बसवून पोट रिकामं करून घेतलं, दिव्याचा वेळ थोडाथोडा कमी करत नेला, आणि नोव्हेंबरात त्याला तळघरात उतरवलं. तिथे थंडी असते, पण पाणी गोठत नाही. अंधार, झाडाच्या सालपटाखाली जागा, पाण्याची वाटी. अधूनमधून स्वयंपाकघराच्या काट्यावर वजन. वजन फार उतरलं तरच उठवायचं, नाहीतर हात लावायचा नाही. माझ्यासारख्या बाईला सगळ्यात अवघड तेच गेलं.

जानेवारीत बाहेर सगळं गोठलं होतं, तेव्हा मी बटाटे आणायला खाली गेले तर सरड्याच्या पेटीत गरम पाण्याची रबरी पिशवी. विणलेलं निळं कव्हर घातलेली. विलिबाल्डचा एक डोळा उघडा होता आणि तो पिशवीला चिकटून बसला होता. तळघरातल्या माझ्या कप्प्याची किल्ली दाराबाहेरच्या खिळ्यावर असते हे सगळ्या इमारतीला ठाऊक आहे, पण असलं कव्हर एकाच माणसाकडे असणार. उन्हाळ्यात खालच्या मजल्यावर राहायला आलेले क्रुमबाईन. पियानो सुरात लावायचं काम करायचे, बायको वारल्यावर इथे आले. मी पिशवी घेऊन त्यांच्या दारात गेले आणि जिन्यात सगळ्यांना ऐकू जाईल असं सुनावलं. दिवा नाही, खाणं नाही, आणि नुसती ऊब दिलीत, तर अंग जागं होतं आणि साठवलेली चरबी जाळत बसतं. याला काळजी म्हणत नाहीत. ते मोजे घालून दारात उभे होते. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मला वाटलं, कुणीतरी त्याला खाली नेऊन ठेवलं आणि विसरून गेलं."

मी म्हटलं, "विसरलेलं नाही हो. तो आपल्या जागेवर आहे."

मग पिशवी परत न देताच मी जिना चढले, आणि ते वाक्य माझ्याबरोबर वर आलं.

विलिबाल्ड काही दिवस बेचैन होता. काचेवर पंजे मारायचा, पडायचा, पुन्हा मारायचा. तो जगतो की नाही, हे मलाही सांगता येत नव्हतं, आणि डॉक्टरांनी थांबून बघा म्हटलं. क्रुमबाईन रोज माझ्याबरोबर खाली यायचे. माझ्यावर विश्वास नव्हता म्हणून की स्वतःवर राग होता म्हणून, मी विचारलं नाही. आधी आम्ही नुसते उभे राहायचो, मग त्यांनी एक घडीची खुर्ची आणली, मग दुसरी, मग थर्मासमधून कॉफी. कॉफी फार पातळ करतात. विलिबाल्ड एका दुपारी सालपटाखाली शिरला आणि पुन्हा झोपला. वजन जेमतेम उतरलं होतं. त्यानंतर आम्हाला खाली जायचं तसं काही कारण नव्हतं. खुर्च्या मात्र अजून तिथेच आहेत.

तर बातमी अशी, की विलिबाल्ड उठला. क्रुमबाईनना आधी कळलं. कान तेवढे शाबूत आहेत. दारावर टकटक केली आणि म्हणाले, "अहो, खाली चला. नखं वाजताहेत." आम्ही पेटी दोघांनी मिळून वर आणली, आधी खिडकीचा उजेड, मग रोज थोडा जास्त दिवा, कोमट अंघोळ, आणि खाणं सगळ्यात शेवटी. आज सकाळी त्याने अंगणातली डँडेलायनची पानं खाल्ली आणि वर एक झुरळ. म्हणून आजच लिहायला बसले. शब्द दिला होता. हेनिंग, मी येणार नाही. तुझी खोली चांगली आहे आणि तू ती मनापासून केलीस, हे मला कळतं. ती ज्यूलला दे, सुट्टीत येईल तेव्हा तिला लागेल. ईस्टरला मी आठवडाभर येईन, माझे मोजे घेऊन. विलिबाल्डला मागे कोण बघेल म्हणून विचारू नकोस. त्यांना सगळं शिकवून ठेवलं आहे, आणि रबरी पिशवी माझ्याकडे जप्त आहे.

तुझीच, पाय गार असलेली,
आई