रक्तातला आकडा आणि माझा आवाज

३ नोव्हेंबर
खडवलीच्या वाचनालयात व्याख्यान. विषय लाडका: अंधश्रद्धा आणि आपलं शरीर. मागच्या रांगेतून तीनदा ओरड झाली, "आवाज!" चौथ्यांदा मी हिराभाऊंवर उसळले. बावीस वर्षं माझ्या सभांना लाउडस्पीकर लावणारा माणूस. त्याला भर सभेत म्हणाले, "मशीन जमत नसेल तर धंदा सोडा." ते खाली बघत म्हणाले, "ताय, बटन पुरा फिरवलाय. आता मोडंल." लोक हसले. मला आणखीच चेव आला.

८ नोव्हेंबर
जेवताना अरविंद म्हणाला, "सुमे, मशीन नाही. तू." चाळीस वर्षांच्या संसारात नवऱ्याने केलेलं सर्वांत छोटं भाषण. म्हटलं, पुरावा दे. आयुष्य ड्रॉइंग ऑफिसात काढलेला माणूस तो. माझी तीन वर्षांपूर्वीची रोजनिशी आणि ही, दोन्ही शेजारी ठेवून पट्टी लावली. तेव्हा पानावर सोळा ओळी, आता तेवीस. अक्षर मुंगीएवढं.
"आणि चालताना उजवा हात हलत नाही तुझा. पूर्वी तलवार चालायची."
रागाने उठून गॅलरीत गेले. मग परत येऊन बसले. पुरावा तो पुरावा.

१५ नोव्हेंबर
ठाणे. डॉक्टर बाई माझ्या मुलीपेक्षा लहान. बोटं आपटायला लावली, चालवलं, वळवलं, डोळे वर-खाली. "काकू, कंपवाताकडे झुकतंय. पण नक्की कुठला, ते इतक्या लवकर नुसतं बघून सांगता येत नाही." एक साधा, सावकाश. औषधांनी वर्षानुवर्षं काम चालतं. दुसरी त्याची भावंडं. सुरुवातीला हुबेहूब तशीच दिसतात, पण काही वर्षांतच खुर्चीला खिळवतात. आवाज तर आधीच नेतात.
आवाज.
यायच्या वाटेवर आम्ही दोघं गप्प. मी गप्प! अरविंद घाबरला असणार.

१७ नोव्हेंबर
मोठागावात हिराभाऊंकडे माफी मागायला गेले. अंगणात वायरींचं वेटोळं, बाजूला सुकत घातलेला जवळा. मी वाक्य पाठ करून गेलेले. त्यांनी बोलूच दिलं नाही.
"दोन वरसां झाली ताय, दर टायमाला बटन जरा जरा चढवतो. मना वाटला, ताय दमली आसंल."
दोन वर्षं! मला नाही कळलं, घरात नाही कळलं. याला कळलेलं.
"मग बोलला का नाहीत?"
"तुमाला? कोन बोलंल?"
त्यांची बायको पदर तोंडाला लावून हसत होती. येताना जवळ्याची पिशवी हातात.

२२ नोव्हेंबर
रक्त दिलं. तिथे एक अभ्यास चालू आहे, त्यात माझं नाव. डॉ.नी कागदावर काढून समजावलं: मज्जातंतूंच्या आत एक प्रथिन असतं. तंतू मोडले की त्याचे तुकडे रक्तात उतरतात. भराभर मोडत असतील तर पुष्कळ, सावकाश मोडत असतील तर थोडे. म्हणजे आकडा कमी आला तर साध्याची शक्यता जास्त. "फक्त शक्यता हं काकू. निकालपत्र नाही. एकट्या आकड्यावर मी काहीच ठरवणार नाही."
असं बोलणारी माणसं मला आवडतात. व्यासपीठावर फार कमी भेटली.
हिराभाऊंच्या बटणाची गोष्ट सांगितली. तिने पेन उचललं, "दोन वर्षं, हळूहळू? नक्की?" आणि केसपेपरवर लिहून घेतलं. एका कोळ्याचं निरीक्षण दवाखान्याच्या कागदावर. ऊर भरून आला.
गोळ्या सुरू. आवाजाचे व्यायामही: श्वास भरून "आऽऽ", रोज दोन वेळा. वरच्या मजल्यावरून विचारणा आली, "काकू, पाल आहे का?"

१४ डिसेंबर
कमी!! आकडा कमी. तपासणी, गोळ्यांचा गुण, सगळं साध्याच्या बाजूने. डॉ. "बहुधा, बहुधा" करत राहिल्या, आम्ही ऐकलंच नाही. अरविंदने ठाणे स्टेशनबाहेर पेढे घेतले. दुकानदाराने विचारलं, "नातू झाला का?" हा म्हणतो, "नाही, बायकोला कंपवात झाला." त्याचं तोंड बघण्यासारखं! हसून हसून मला खांबाला धरून उभं राहावं लागलं.
सहा महिन्यांनी परत रक्त. तेव्हा आकडा जागेवर राहिला तर खरं.

२० डिसेंबर
आनंद ओसरल्यावर प्रश्न सुचला. डॉ.ना फोन. कमी म्हणजे कोणापेक्षा कमी? त्या म्हणाल्या, "चांगला प्रश्न. हातातली मापं बहुतेक परदेशी लोकांची. इथल्या निरोगी माणसांची जमवतोय, पण येतच नाहीत. रोगी येतात. निरोगी म्हणतात, मला काय झालंय?"
म्हणजे भातावर आणि सुक्या मासळीवर पोसलेल्या आमच्या रक्ताला माप परक्यांचं! आणि दोष कोणाचा? आमचाच. देवळाच्या रांगेत चार तास उभे राहू, विज्ञानाच्या रांगेत चार मिनिटं नाही.
पहिला निरोगी घरातच सापडला. अरविंद सुईचं नाव ऐकूनच पांढरा पडला. "मी तुझ्या प्रेमात पडलो तेव्हा हे ठरलं नव्हतं."

१६ जानेवारी, शुक्रवार
आजचं लिहिलंच पाहिजे. डोंबिवलीच्या ज्येष्ठ नागरिक संघात बोलायचं होतं, निरोगी माणसं मागायला. उभी राहिले आणि वीज गेली. शुक्रवार, दुरुस्तीसाठी वीज घालवायचा वार! माईक बंद. हिराभाऊंची बॅटरी नेमकी मंडपाच्या कामावर गेलेली. मागून "ऐकू येत नाही!"
मग हिराभाऊ उठले, सभागृहाच्या मध्यावर जाऊन उभे राहिले. मी एक वाक्य बोलायचं, ते मागच्यांना सांगायचे.
मी: "निरोगी शरीर हीसुद्धा साक्ष आहे, ती द्यायला पुढे या."
ते: "ताय बोलतंय, तुमाला काय झाला नाय, म्हनूनच तुमी पायजे!"
मी: "भीती ही अज्ञानाची लेक आहे."
ते: "सुईला घाबरू नका, कोलंबीचा काटा यापरीस मोठा!"
त्यांना माझ्यापेक्षा जास्त टाळ्या. एका आजोबांनी विचारलं, "माझ्यात काही निघालं तर?" खरं तेच सांगितलं: तुमचा आकडा तुम्हाला सांगणार नाहीत, तो तुलनेसाठी आहे. एक आजी म्हणाल्या, "मग सर्टिफिकेट तरी?" दुसऱ्या म्हणाल्या, "अगं, रक्तदान नाही ते, चमचाभर घेतात." अकरा नावं. बारावं हिराभाऊंचं.
इतक्या वर्षांत इतकं सुंदर भाषण झालं नव्हतं माझं. अर्धं माझं.

३० जानेवारी
बाराही जण ठाण्याला जाऊन आले. अरविंद तेरावा. डोळे मिटून पाढे म्हणत होता. एकोणतिसाच्या पाढ्यात सुई आत गेली, बाहेर आली, कळलंही नाही. नंतर चहाच्या टपरीवर तोच सगळ्यांना धीर देत होता.

११ मार्च
वाईट दिवस. कुर्त्याचं बटण लावायला दहा मिनिटं. घसा कोरडा, "आऽऽ" अर्ध्यात तुटला. आकडा चढत असेल का आत कुठेतरी? असले विचार. अरविंदने काही न बोलता समोर बसून स्वतः "आऽऽ" लावला. इतका बेसूर की मला रागाने पुरा लावून दाखवावा लागला.

२६ मे
दुसरं रक्त दिलं. निकाल तीन आठवड्यांनी. डॉ.नी विचारलं, "चढला असेल तर फोनवर सांगू की समोर?" मी म्हटलं फोनवर, तत्क्षणी. अरविंद म्हणाला समोर, मी शेजारी असताना. "रक्त माझं आहे!" "आणि वाट कोण बघतंय?" भांडत भांडत जिन्यापर्यंत आलो. माझं नेहमीचं: मुद्दा, दाखला, प्रतिप्रश्न. तेवढ्यात नर्स धावत आली, बोट ओठावर. "आजी, शूऽऽ! आत पेशंट झोपलेत. किती मोठ्याने बोलता!"
दोघं थबकलो. अरविंदने तिचे हात हातात घेतले आणि म्हणाला, "थँक्यू. परत एकदा म्हणा."