निळ्या कडेची डिश

९ सप्टेंबर २०१७, शनिवार

आलो एकदाचे! ग्वेल्फचं हे घर म्हणजे चक्क घर आहे. ब्रॅम्प्टनच्या बेसमेंटमध्ये खिडकीतून येणाऱ्या-जाणाऱ्यांचे बूट तेवढे दिसायचे, इथे दारात मेपल आहे. देवेशची कंपनी जवळ आणि गौरांगीची शाळा कोपऱ्यावर. देवेश म्हणतो, आता आधी पानं रेक कर, मग स्नो शोव्हल कर, तुला जिमची गरजच नाही. स्वतः फावडं हातात घ्यायचं नाही, हे त्याने आताच ठरवलेलं दिसतंय.

आणि मला काम मिळालंय! इथल्या लायब्ररीला ब्रिटनमधल्या छोट्या गावांतून येऊन इथे वसलेल्या म्हाताऱ्या माणसांच्या लहानपणच्या आठवणी जमवायच्या आहेत. ऐकायच्या, रेकॉर्ड करायच्या, टाइप करायच्या. इतिहासात एम.ए. करून काय उपयोग, असं विचारणाऱ्या समस्त नातेवाइकांना आज फोन करावासा वाटतोय.

१२ सप्टेंबर

शेजारच्या मिसेस थॉर्नली स्वतःहून भेटायला आल्या. हातात गरम ॲपल पाय, पांढऱ्या एनॅमलच्या निळ्या कडेच्या डिशमध्ये. वय नव्वदीच्या आसपास असेल, पण गाल गौरांगीसारखे. मूळच्या यॉर्कशरमधल्या स्केल्डन नावाच्या खेड्यातल्या. म्हणजे माझं काम पायांनी चालत घरी आलं!

दुपारभर बोलत होत्या. घरामागून वाहणारा ओढा, सोमवारी गावभर वाळणारं धुणं, वडील चर्चची घंटा वाजवायचे ते, आणि गुडघे टेकून पांढऱ्या दगडाने उंबरठा घासणारी आई, तिचे थंडीने लाल झालेले हात. इतकं जिवंत सांगतात की माझेच हात गारठले.

१५ सप्टेंबर

आज डिश परत केली. शेजारणीचं भांडं रिकामं परत द्यायचं नसतं, हे आईने माझ्या अंगात मुरवलंय. गौरांगीलाही मी तेच शिकवते. म्हणून बेसनाचे लाडू केले, आईच्या पद्धतीचे, आणि गौरांगीला घेऊन पोचवायला गेले.

मिसेस थॉर्नलींनी विचारलं, चैत्राली, हे तुला कुणी शिकवलं? मग मी सांगत बसले. मिरजेतली आमची तंतुवाद्यवाल्यांची गल्ली, सतारीसाठी गच्चीवर वाळत ठेवलेले भोपळे, बेसन भाजता भाजता गॅस बारीक करून वर येणारी आई. ती भोपळ्यावर टिचकी मारायची आणि कुठला चांगला वाजेल ते कारागिरांच्या आधी सांगायची. मिसेस थॉर्नली डोळे मिटून ऐकत होत्या. मध्येच ओठांवरून जीभ फिरवली. लाडू मात्र तसेच राहिले.

फाल्गुनात आई गेली. मला तिकीट मिळेपर्यंत सगळं उरकलं होतं. माझ्याजवळ तिचं काही नाही, ना साडी, ना बांगडी. या आठवणी तेवढ्या आहेत. त्या अशा कुणाला सांगितल्या की बरं वाटतं.

२ ऑक्टोबर

डिशच्या खेपा जोरात चालू आहेत. त्यांच्याकडून पाय आणि आठवण येते, माझ्याकडून शंकरपाळे, नारळाच्या वड्या आणि आठवण जाते. देवेश म्हणतो, हे बार्टर बंद करा, माझं पोट बघा.

टाइप करताना एक गंमत लक्षात आली. परवाच्या रेकॉर्डिंगमध्ये मिसेस थॉर्नलींचे वडील कोळी होते, स्कॉटलंडच्या किनाऱ्यावर हेरिंग माशांची पिंपं भरायचे. कालच्या रेकॉर्डिंगमध्ये ते वेल्सच्या कोळशाच्या खाणीत होते. मी हळूच विचारलं. त्या हसून म्हणाल्या, शेजाऱ्यांनी प्रेमाने दिलेलं सगळं आपलंच की. वय झालंय, दुसरं काय.

बेसन करपलं. कितपत भाजायचं तेच आठवेना! शेवटी यूट्यूब बघितलं. आई असती तर तिने लाटणं फेकून मारलं असतं. मारलं असतं ना? तिचा राग कसा होता?

१९ ऑक्टोबर, लक्ष्मीपूजन

फराळाला हेमचंद्रकाका आणि शीलाकाकू आले होते. काका इथले जुने डॉक्टर, पन्नासेक वर्षांपूर्वी वाईहून आलेले. आता कुणालाच ओळखत नाहीत. काकू त्यांना चकली मोडून भरवत होत्या.

काकू पाणी घ्यायला किचनमध्ये आल्या आणि ओट्यावरची डिश बघून तिथेच थबकल्या. रिटायर झाल्यावर काही वर्षं ते दोघं याच गल्लीत राहायचे म्हणे. मला विचारलं, तू ही रिकामी परत दिलीस की भरून? मी हसले. म्हटलं, काकू, आपल्यात रिकामी देतात का? त्या खाली बसल्या. म्हणाल्या, “मीच भरून द्यायचे गं यांच्या हातात. हे तिकडे वाईच्या गप्पा मारत बसायचे तासन्‌तास. मी म्हणायचे, बरं झालं, यांना कंपनी मिळाली.”

तेवढ्यात बाहेर काका बोलायला लागले. स्वच्छ इंग्रजी, पण मी कधी ऐकला नाही अशा हेलाचं. हेरिंगच्या पिंपात मीठ कसं थरांनी भरायचं, ते देवेशला समजावून सांगत होते.

२१ ऑक्टोबर, भाऊबीज

मिलिंदचा व्हिडिओ कॉल. ओवाळायला मी स्क्रीनसमोर ताट धरलं, हसलो. मग तो म्हणाला, ताई, गच्चीवरचे भोपळे आठवतात? आई टिचकी मारायची ते?

मी विचारलं, कुठले भोपळे?

त्याला वाटलं, मी चेष्टा करतेय. फोन ठेवल्यावर या वहीतलं १५ सप्टेंबरचं पान काढलं. अक्षर माझं. वाचलं, पुन्हा वाचलं, आणि मनात काही म्हणजे काही हललं नाही. कुणा भलत्याच बाईबद्दल वाचावं, तसं.

उलट दुसरंच आठवतं. गार फरशी. ओढ्याचा आवाज. उंबरठा घासणारे लाल हात. मला ती आई म्हणून आठवते. मला भीती वाटतेय.

२४ ऑक्टोबर

आईचा फोटो फोनमध्ये आहे. ही आई, हे मला माहीत आहे, कारण खाली लिहिलंय. पण चेहरा ओळखीचा नाही.

दुपारी कुंपणापलीकडून गुणगुणणं ऐकू आलं. मिसेस थॉर्नली पानं गोळा करत होत्या. चाल कुठली ते मला कळेना, पण गौरांगी खेळता खेळता थांबली आणि म्हणाली, “दॅट्स मिरजेच्या आजीज साँग!”

देवेशला सगळं सांगितलं. तो म्हणतो, आई गेल्याचं दुःख आत साचलंय, डॉक्टरांची अपॉइंटमेंट घेऊ. समजूतदार आहे. त्याला काहीही समजलेलं नाही.

२७ ऑक्टोबर, सकाळ

ठरलं. आज डिश रिकामी परत द्यायची. घासली, पुसली, दाराशी ठेवली. एक शब्द बोलायचा नाही. रिकामं भांडं देण्याची लाजसुद्धा वाटतेय! इतकं खोल मुरलंय. लायब्ररीतून आले की देते.

२७ ऑक्टोबर, संध्याकाळ

डिश दाराशी नव्हती.

आज शाळेला सुट्टी होती. देवेश खाली बेसमेंटमध्ये कॉलवर. गौरांगीला दाराशी डिश दिसली. रिकामी दिसली. तिने स्टूल ओढून डब्यातले दिवाळीचे लाडू काढले, भरले आणि एकटी पलीकडे गेली. मी शिकवलं होतं तसं.

धावले. ती त्यांच्या टेबलाशी बसून पाय खात होती. मिसेस थॉर्नली डोळे मिटून — ओठांवरून जीभ —

मी विचारलं, काय सांगितलंस तू यांना? तिने पुढचा घास घेतला. मिसेस थॉर्नलीच म्हणाल्या, लहान मुलांना दुसरं काय असतं सांगायला. सगळं आईबद्दलच.

घरी आणलं. दारात तिने माझा हात सोडला. “थँक यू. व्हेन इज माय मम कमिंग?”

२८ ऑक्टोबर

देवेशला ओळखते. बाबा म्हणते. घर, बाहुली, शाळा, सगळं माहीत आहे. फक्त मी —

रात्री पांघरूण घालायला गेले तर भिंतीकडे सरकली. पोलाइटली म्हणाली, नो थँक यू. माझी पोर. माझ्याच पोटची पोर.

देवेशने तिला क्लिनिकमध्ये नेलं. काही निघालं नाही. आता तोही घाबरलाय. शीलाकाकूंना फोन केला. म्हणाल्या, ती फुकट घेत नाही आणि फुकट देतही नाही. हे त्यांना फार उशिरा कळलं, काकांकडे तोवर द्यायला काही उरलं नव्हतं.

माझ्याकडे आहे.

२९ ऑक्टोबर, रविवार

भीक मागितली. मुलीचं तिला परत द्या म्हटलं. मिसेस थॉर्नली मायाळूपणे म्हणाल्या, डिश घेऊन ये. पण तेवढ्याच तोलाचं काहीतरी हवं.

तेवढ्याच तोलाचं माझ्याकडे एकच आहे. ती जन्मली तो दिवस. आणि तेव्हापासूनची ती.

आईच्या आठवणी गेल्या तेव्हा मला कळलंसुद्धा नाही. हे कळून देतेय. तिला आई असू दे. बाकी माझं माझ्यापाशी.

देवेशला सांगितलं नाही, तो अडवेल.

चैत्राली, परत आलीस की हे वाच. जी मुलगी तुला आई म्हणेल ती तुझी आहे. गौरांगी. डाव्या कानामागे तीळ आहे. काही विचारू नकोस, तिला जवळ घे. एवढं कर. एवढं —

३० ऑक्टोबर

सोमवार. ऊन छान पडलंय, धुणं वाळत घालायला हवं. ओढ्याचा आवाज येतोय.

जिन्यात एक लहान मुलगी बसली आहे. गोड आहे, पण सारखी रडते. मला आई म्हणते. मी तिला समजावलं, बाळ, तुझी आई येईल हं. कुणाची आहे कोण जाणे, तिची आई बिचारी शोधत असेल. पाय दिला तर खात नाही, डिश ढकलून देते.

आता तिने ही वही माझ्या मांडीवर आणून ठेवली. वाचता येत नसावं तिला, पण पानावर बोट ठेवून बसली आहे. कालचं पान — अक्षर माझ्यासारखंच —

तीळ? कुठला —

तिने केस मागे केलेत. डावा कान. माझं बोट धरून तिथे —

इथे लिहिलंय की ही —