न दाबलेला ब्रेक

४ फेब्रुवारी, सोमवार

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

भाऊजींची छोटी व्हॅन शनिवारी संध्याकाळी आमच्या फिटरच्या दारात येऊन उभी राहिली. तू बजावलं होतंस की क्रेनवाल्याला बोलव, तुझ्या त्या म्हाताऱ्या एसयूव्हीच्या जिवावर उड्या मारू नकोस. तर म्हातारीनं ओढली बरं का. पुढे मी, मध्ये लोखंडी दांडा, मागे बंद व्हॅनचं स्टिअरिंग धरून भाऊजी, अशी आमची आगगाडी निघाली. चढावर इंजिन जरा तापलं, दोन-तीनदा थांबावं लागलं, एवढंच.

भाऊजी जेवायला मात्र थांबले नाहीत. हिनं ताटं घेतली होती, तरी सातची बस चुकेल म्हणाले आणि निघालेच. तुझ्याशिवाय एक रात्रही काढवत नाही की काय, विचार त्यांना. फिटर बुधवारी व्हॅन उघडणार आहे. दोन आठवड्यांत भाऊजी पुन्हा गावोगावच्या दुकानांतले वजनकाटे तपासत हिंडू लागतील आणि तू घरी मुलांचे पेपर तपासत बसशील. तुमचं घर म्हणजे सगळं तपासणी खातंच.

रागावली असलीस तर तसं लिही, पण माया आटवू नकोस.

तुझा,
धाकटा


१७ फेब्रुवारी, रविवार

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

फोनवर तू सगळं ठीक म्हणतोस आणि लगेच दुसरा विषय काढतोस, म्हणून पेपरांचा गठ्ठा बाजूला सारून लिहायला बसले आहे. इथे काही ठीक नाही.

त्या रात्री हे घरी आले ते तसेच झोपले. दोन दिवसांनी मला न सांगता डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जाऊन आले. डॉक्टरांनी नंबर बदललेला नाही म्हणून सांगितलं, तरी यांचं समाधान नाही. संध्याकाळी रस्ता ओलांडताना माझा दंड धरतात. तीस वर्षांत कधी धरला नव्हता. धरला असता तर मी काही नको म्हटलं नसतं, पण असा नाही रे.

आणि काल हे आपली तपासणीची सगळी गावं कामातल्या जोडीदाराला देऊन आले. एकूण एक दुकान. मी विचारलं तर म्हणाले, व्हॅन विकायला सांग धाकट्याला, मला आता लागायची नाही. का, ते सांगत नाहीत. अजून दोन वर्षं काम करायचं म्हणूनच तर ती दुरुस्तीला काढली होती. त्या चढावर काय झालं ते मला लिही. गोड करून लिहू नकोस. तू लहानपणी काचेची बरणी फोडलीस की असाच फार गप्पा मारायचास.

उत्तराची वाट पाहते. आशीर्वाद आहेतच, ते काही तुझ्या वागण्यावर अवलंबून नाहीत.

तुझी,
ताई


२१ फेब्रुवारी, गुरुवार

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

बरणी फोडली, ताई.

निघताना भाऊजी म्हणत होते की व्हॅनमधली तपासणीची लोखंडी वजनं आधी उतरवू, वीस-वीस किलोची दहा आहेत. मीच म्हटलं, राहू द्या, ही गाडी डोंगर ओढेल. सपाटीला ओढलीही. चढ लागल्यावर पहिल्या गिअरमध्येही इंजिन कण्हायला लागलं, काटा लाल रेषेला टेकला. वरच्या वळणाआधी गाडी जागच्या जागी मेली. मागे ट्रकांची रांग लागली, ड्रायव्हर उतरून आले. त्यातला एक सहज बोलला, मागच्या काकांनी ब्रेक दाबून धरला असेल.

मला तेवढंच हवं होतं. मी व्हॅनच्या खिडकीशी गेलो आणि सगळ्यांदेखत बोललो. डोळे तर गेलेच, आता पायही ताब्यात नाहीत का, म्हणालो. पुन्हा स्टिअरिंगला हात लावू नका, असंही म्हणालो. ते हळू आवाजात म्हणाले की मी ब्रेक दाबलेला नाही. मी म्हणालो, मग काय मी दाबला? इंजिन निवल्यावर गाडी कशीबशी चढली; पुढे सगळी वाट आम्ही एका दांड्यानं बांधलेले होतो आणि मी आरशात मागे पाहिलं नाही.

सहा तारखेला, बुधवारी, फिटरनं व्हॅन जॅकवर उचलली आणि चाक एका बोटानं फिरवून दाखवलं. ब्रेक कुठेच धरत नव्हता. मग त्यानं माझं बॉनेट उघडलं. चार सिलिंडरपैकी एक मेलेला, गाडी तीनवर चालत होती. तो म्हणाला, चारही धड असते तरी हे इंजिन माणसं बसवून न्यायचं आहे, एवढा बोजा घेऊन हा चढ त्याच्या आवाक्यातला नव्हे. माझीच हौस होती.

हे मला तेव्हाच कळलं होतं. रोज लाकडाचं दुकान बंद करताना फोन हातात घ्यायचो आणि ठेवून द्यायचो. व्हॅन दुरुस्त करून स्वतः घेऊन जाईन, मग समोर बसून बोलेन, अशी मनाची समजूत घातली. व्हॅन कालपासून तयार आहे. त्यांनी कामच सोडलं असेल, हे डोक्यातही आलं नाही.

हे पत्र त्यांना दाखव. त्यांना वेगळं लिहायला हात धजत नाही.

तुझ्या मायेला पात्र आहे की नाही हे न विचारता,
धाकटा


२६ फेब्रुवारी, मंगळवार

चि. धाकट्यास,
शुभाशीर्वाद.

तुझं पत्र काल आलं. ताई वाचून दाखवते म्हणाली, पण चष्मा चांगला आहे, म्हणून मीच वाचलं. दोनदा वाचलं.

तुझं बोलणं मी मनाला लावून घेतलं असं ताईला वाटतं. तसं फारसं नाही. तापलेल्या इंजिनाशेजारचा माणूसही तापतो. झालं ते निराळं. तू बोलत होतास तेव्हा मी खाली पाहिलं. माझे दोन्ही पाय मॅटवर होते. पण तू इतक्या खात्रीनं बोललास, की मला वाटलं, मघाशी दाबला असेल आणि आपल्याला आठवत नसेल. बसमध्ये सगळा वेळ तेच डोक्यात होतं.

पुढच्या आठवड्यात जोडीदाराची वजनं मागून घेऊन एका किराणा दुकानात गेलो. काटा तपासला, बरोबर होता. पुन्हा तपासला. तिसऱ्यांदा वजनं ठेवली तेव्हा दुकानदार माझ्याकडे बघायला लागला. तरी शिक्का मारायला हात उचलेना. ज्याला स्वतःच्या पायाचा भरवसा नाही त्यानं लोकांच्या काट्यावर शिक्का कसा मारायचा? म्हणून शनिवारी कामं देऊन टाकली.

काल तुझं पत्र वाचून जोडीदाराकडे गेलो होतो. तो सगळ्या दुकानदारांना भेटून आला आहे, नवी गाडी घ्यायची म्हणून घरात आनंद आहे. त्याच्या बायकोनं मला चहा दिला. जे बोलायला गेलो होतो ते बोललो नाही, चहा पिऊन आलो.

व्हॅन तूच वापर. फळ्या वाहायला बरी पडेल, आणि म्हातारीला आराम दे. वजनं तेवढी जोडीदाराकडे पोचव.

एक लिहितो, टोचायला म्हणून नव्हे. जन्मभर मोजत आलो, म्हणून आपोआप मोजलं गेलं. फिटरनं चाक फिरवून दाखवलं ते सहा तारखेला. मी कामं दिली सोळाला. पत्राला चार दिवस लागतात.

ताई चिडली आहे, तिची समजूत मी काढीन. तू ये. लोभ आहे, तो पहिल्यासारखा व्हायला थोडे दिवस दे.

तुझा,
भाऊजी