डॉफिनपर्यंत गाडी तापणार नाही

३ जून, सायंकाळी ५
यॉर्कटनहून भाज्यांची रोपं घेऊन परत. वाटेत तापमानाचा काटा मध्यावरून हलला आणि पाऊणवर जाऊन बसला. ओरिसिया शेजारी होती. एक्कावन्न वर्षं संसार केलेली बायको काट्याकडे बघते तेव्हा मान वळवत नाही, फक्त पर्स घट्ट धरते. म्हटलं, काटा म्हातारा झालाय, इंजिन नाही. म्हणाली, "तिघंही एकाच वयाचे आहात." विषय संपला.

४ जून
संपलेला नाही. ओरिसियाच्या थोरल्या बहिणीचा, मेरिकाचा फोन. वय शहाऐंशी, डॉफिनला आईच्या जुन्या घरात एकटी. वीस तारखेला तिला विनिपेगच्या वृद्धाश्रमात नेणार, घर विकणार. त्याआधी दोघींना आईच्या टेबलाशी बसून शेवटच्या पेरोगी करायच्या आहेत. पिठाच्या पारीत बटाटा-चीज भरून, कडा चिमटून, उकळत्या पाण्यात सोडायच्या, आई करायची तशा. अठराला सकाळी या, म्हणाली, दुपारनंतर हात फार थरथरतात.
ओरिसिया फोनवर "येते" म्हणाली आणि माझ्याकडे बघितलं. मी फोनला ऐकू जाईल असं सांगितलं, मी घेऊन येतो तिला. दोनशे दहा किलोमीटर. या गाडीने याच्या हजारपट केलंय.

५ जून
मुलगी येऊन गेली. "टाटो," म्हणाली, आमच्यात बापाला असंच म्हणतात, "आईला मी नेते ना." गरज नाही म्हटलं. लेसिया आईवर गेलीय, वाद घालत नाही, अटी घालते. या खेपेला गाडी रस्त्यात थांबली तर किल्ली तिच्याकडे, कायमची. लगेच कबूल केलं. जे होणारच नाही ते कबूल करायला काय जातं?

७ जून, सकाळी ९
पद्धतशीर तपासणी. माझी स्वतःची पद्धत, कुठल्या गॅरेजात शिकलेली नाही. कूलंटची पातळी: बरोबर. होज पाइप दाबून बघितले: टणक. पंखा: फिरतो. हीटर लावला: चटका बसेल अशी हवा. निष्कर्ष: यंत्रणा ठणठणीत.

११ वाजता
धान्याच्या कोठारापर्यंत चक्कर. काटा पाऊण. निष्कर्ष: काटा खोटं बोलतो.

८ जून
रेडिएटरचं झाकण उघडलं. इंजिन थंड झालं असावं असा अंदाज होता. अंदाज फार चुकला असं नाही, अर्धा तास इकडेतिकडे. ओरिसियाने हाताला आंबट साय फासली. समोरचा कॉर्नी पेनर कुंपणापाशी येऊन म्हणाला, "वासिल, हात उकडलास की नुसता वाफवलास?" त्याच्याकडे एक पंप आहे. रेडिएटरच्या तोंडावर बसवायचा, हवा भरायची, दाब उतरला तर कुठेतरी गळतंय. देऊ का, म्हणाला. नको म्हटलं. कॉर्नी पंप देतो तेव्हा पंपाबरोबर स्वतःही येतो.

१० जून
थर्मोस्टॅट काढला, म्हणजे इंजिन तापलं की कूलंटला वाट उघडून देणारी झडप. बिटाच्या सूपचं मोठं पातेलं, पाणी, दोरीला टांगलेला थर्मोस्टॅट, शेजारी पाक करायचा थर्मामीटर. पाणी तापलं तसा वेळेवर उघडला, फूल उमलावं तसा. म्हणजे चांगला आहे. तरी नवा बसवला. चांगल्या जागी नवा असला तर आणखी चांगला.
ओरिसियाने पातेलं बागेत नेलं. आता त्यात झेंडू आहेत.

१३ जून
नवा थर्मोस्टॅट, नवं झाकण, वरखाली नवे होज. काटा पाऊण, आणि वर दोन केस. लालपासून लांब आहे, अर्थात. लांब म्हणजे करंगळीएवढं.
पाच दिवस राहिले. ओरिसिया काही विचारत नाही. विचारलं असतं तर उत्तर तयार होतं.

१५ जून, दुपारी २
कॉर्नी न बोलावता आला. वाकला, पुढच्या जाळीतून बॅटरी मारली. मग आत दोन बोटं घालून पुठ्ठा ओढू लागला. ओढतोय, ओढतोय, पुठ्ठा संपेना. फ्रीजच्या खोक्याचा होता, त्यावर 'ही बाजू वर' असा बाणसुद्धा.
आता हिवाळ्यात उणे अडतीसला इथे कोण रेडिएटरपुढे पुठ्ठा सरकवत नाही? नाहीतर इंजिन तापतच नाही, माणसं गाडीत गोठतात. ईस्टरला काढतो. मी काढला होता. म्हणजे वरचा अर्धा. खालचा घसरला असणार.
कॉर्नी म्हणाला, "तुम्हा युक्रेनियनांचा ईस्टर आमच्यामागून येतो हे माहीत होतं. पण इतक्या मागून?"

४ वाजता
काटा मध्यावर. चढावरही मध्यावर. मला पहिल्यापासून हवेचाच संशय होता, फक्त लिहून ठेवलं नव्हतं. कॉर्नीने जाताना कुंपणावरून बोट दाखवलं, "आता हात लावू नकोस. पुसूसुद्धा नकोस."
ओरिसियाला सांगितलं, गुरुवारी सकाळी सहाला निघायचं. ती म्हणाली, "बघू." बघू काय?

१७ जून
हात लावला. कारण असं, एवढ्या नव्या सामानात जुनं कूलंट शोभत नाही. तळाची तोटी उघडली, सगळं सोडलं, नवं हिरवंगार भरलं. तोटी बोटांनी आवळली. पक्कड कॉर्नीकडे आहे, आणि पक्कड मागितली की कशाला हे सांगावं लागतं. शिवाय तोटी प्लॅस्टिकची, जास्त आवळली तर तुटते. पंप लावून बघावं असं एकदा मनात आलं. पंपसुद्धा कॉर्नीकडेच आहे.
संकल्प: उद्यानंतर गाडीला सहा महिने हात लावणार नाही.

१८ जून, सकाळी ६.१०
निघालो. आकाश स्वच्छ. काटा मध्यावर. ओरिसियाने डिकीत फक्त बटाट्यांची पिशवी आणि थर्मास ठेवलाय. पीठ लाटायचा मोठा पाट दिसला नाही. मेरिकाकडे असेल.

७.२५, रस्त्याच्या कडेला
नदीच्या खोऱ्यातून वर यायचा चढ. अर्ध्यात काटा हलला. हीटर पूर्ण सोडला, इंजिनातली उष्णता आत ओढून घेतो. ओरिसियाने स्वेटर काढला, मग काच उघडली, मग डोळे मिटले. पाऊण. करंगळी. लाल. मग बॉनेटखालून वाफ.
थांबलो. मागे उतारापर्यंत रस्त्यावर हिरवी रेघ. तळाची तोटी सैल होऊन टपटपतेय. मेरिका सातपासून टेबलाशी बसणार होती.
ओरिसिया रागावली नाही. खाली उतरली, घड्याळ बघितलं आणि आलेल्या रस्त्याकडे तोंड करून उभी राहिली. म्हटलं, कोणीतरी थांबेल. म्हणाली, "थांबेल."
दहा मिनिटांत लेसियाची गाडी. मागच्या सीटवर लाटायचा पाट, लाटणं, बर्फाच्या पेटीत आंबट साय. घरापासून मागेच होती, दिसणार नाही इतकं अंतर ठेवून.
विचारलं, हे कधी ठरलं?
"चार तारखेला," ओरिसिया म्हणाली. "तू फोनवर ओरडलास ना, त्यानंतर लगेच."
किल्ली लेसियाच्या हातात दिली. तिने ती खिशात टाकली आणि बटाट्यांची पिशवी आपल्या गाडीत ठेवली. काही विचारलं असतं तर मला तोटीबद्दल सांगता आलं असतं.

सायंकाळी ४, डॉफिन
नऊच्या आत पोचलो. मेरिका एप्रन बांधून, पीठ मळून बसलेली. तिने दोघींचे गाल धरले, मग मला विचारलं, "कोणी आणलं रे हिला?"
ओरिसिया म्हणाली, "वासिलने."
मी म्हटलं, लेसियाने. माझी गाडी रस्त्यात आहे. चूक माझीच.
मेरिका म्हणाली, "बरं झालं. म्हणजे तू थकलेला नाहीस. हात धू आणि बस."
बसलो. आयुष्यात पहिल्यांदा पेरोगी चिमटल्या. दोघी बहिणींची डोकी जवळजवळ, आईच्या नावाने काहीतरी कुजबुजत हसत होत्या. मेरिकाचे हात थरथरतात, पण कडा अशा बसतात की पाण्याचा थेंब आत जाणार नाही. तंत्र बघून घेतलं. सोपं आहे. भराभर त्रेचाळीस केल्या.
पातेल्यात एकेचाळीस फुटल्या.
दोन शाबूत राहिल्या. मी लेसियाला दाखवायला ताटलीत वेगळ्या काढल्या. ओरिसिया म्हणाली, त्या दोन तिने माझं लक्ष नसताना पुन्हा चिमटल्या होत्या.