एक पाय जमिनीवर

न्युरेम्बर्ग,
३ ऑगस्ट २०१४

ती. बाबांस,
मुक्ताचा सा. न. वि. वि.

“अगं, जरा हळू चाल, मागं कुत्रं लागलंय का?” हे वाक्य तुम्ही लग्नानंतर चौथ्या दिवशी गणपतीच्या देवळाच्या वाटेवर आईला म्हणाला होतात. तुम्हाला आठवत नसेल. आईला मात्र ते कुठल्या दुकानासमोर म्हणालात तेही आठवतं. (बांगड्यांच्या.) तेव्हापासून ती तुमच्या दोन पावलं मागून चालते. आणि तीच बाई आता ज्येष्ठांच्या जागतिक क्रीडामेळ्यात भारताकडून जलद चालण्याच्या शर्यतीत उतरली आहे. हे दोन्ही एकाच माणसाचे पाय, हे मला अजून पटत नाही.

फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही आणि कानातलं यंत्र तुम्ही देव्हाऱ्याच्या खणात ठेवलं आहे, म्हणून हे पत्र. शेजारच्या राजाभाऊंच्या ई-मेलवर पाठवते, ते छापून आणून देतील. (राजाभाऊ, नमस्कार. तुम्ही वाचणारच. पण कट्ट्यावर वाचून दाखवू नका.)

भारताचा संघ म्हणजे सहा माणसं. कोल्हापूरचे दातांचे डॉक्टर श्रीरंग हे व्यवस्थापक; तेच गोळाफेकीत भाग घेतात आणि तेच बॅगा उचलतात. दोघे भाऊ केरळचे, धावणारे. चालणाऱ्या तिघी: आई, नाशिकच्या विभावरीताई आणि नागपूरच्या शुभाताई. उद्घाटनाच्या संचलनात संघ मोठा दिसावा म्हणून श्रीरंगांनी सगळ्यांना लांब लांब अंतर ठेवून एकामागे एक चालायला लावलं. अंतर इतकं लांब झालं की विभावरीताई आणि शुभाताई मैदानात येईपर्यंत निवेदकानं इंडोनेशियाचं नाव पुकारलं होतं. दोघींनी इंडोनेशियाच्या टाळ्या घेतल्या, हात हलवून.

आता कामाचं. या शर्यतीत एक पाय सतत जमिनीवर हवा. दोन्ही सुटले की ते पळणं. शिवाय पाऊल टेकताना गुडघा सरळ हवा. कडेला पंच उभे असतात. तीन पंचांनी लाल कार्ड दिलं की बाद. सांघिक पदकाला तिघींच्या वेळा लागतात आणि आपल्याकडे मोजून तिघीच आहेत. एक गेली की संघच गेला. आणि बाबा, पंचांना गुडघे दिसावे लागतात. आईची सलवार घोळदार. सरावात पंच चक्क वाकून शोधत होते. तिला आखूड पँट घालायला सांगितली तर म्हणते, त्यांना विचार.

तर विचारते. शनिवारी शर्यत आहे. नुसतं “बरं” लिहिलंत तरी चालेल.

इथे तुमचे जावई कपिल मजेत. अवनी सगळं मराठी समजून घेते आणि सगळं जर्मनमध्ये सांगते. लोभ आहे, तो शनिवारपर्यंत तरी टिकवावा.

तुमची,
मुक्ता


सांगली,
५ ऑगस्ट २०१४

चि. मुक्तास,
अनेक आशीर्वाद.

पत्र पावलं. ते आणण्याआधी राजाभाऊनं वाचलं होतं हे त्याच्या चेहऱ्यावरूनच कळलं. त्यानं मला त्या चालण्याच्या शर्यतीची चित्रफीतही दाखवली. मी पाटबंधारे खात्यात जन्म घालवला, नाना तऱ्हेचे प्रवाह पाहिले. पण माणसाची कंबर अशी डावी-उजवीकडं वाहताना प्रथमच पाहिली. याला चालणं म्हणत असतील तर आम्ही आजवर काय करत होतो?

गुडघ्यांबद्दल. तुझ्या आईचे गुडघे उभ्या सांगलीनं पाहिलेले नाहीत, ते न्युरेम्बर्गनं कशासाठी पाहायचे? पंचांना माणसाच्या शब्दावर विश्वास ठेवता येत नाही का? ती सरळ म्हणते म्हटल्यावर सरळ. गुडघे झाकून जी चालता येत नाही ती चाल आपल्याला नको. माझी परवानगी नाही, हे तिला वाचून दाखव.

ती निर्गुडीचं तेल इथंच विसरून गेली आहे. फडताळात बाटली दिसली. तिथं तसलं काही मिळतं का बघ. रात्री गुडघा शेकायला सांग. डावा.

माझं ठीक चाललंय. कुकरच्या शिट्ट्या ऐकू येत नाहीत म्हणून राजाभाऊची बायको भिंतीवर थाप मारते. भात बरा होतो, भिंत बिघडते. देवळात एकटाच जातो. मागं कुणी नसलं की वेगाचा अंदाज येत नाही. काल पुजाऱ्यानं विचारलं, पाय दुखतोय का.

तिला म्हणावं, सावकाश चाल. अवनीस आशीर्वाद, मराठीत.

तुझा,
बाबा


न्युरेम्बर्ग,
१० ऑगस्ट २०१४

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

तुमचं पत्र आईला वाचून दाखवलं. तिनं ते पुन्हा स्वतः वाचलं. निर्गुडीच्या तेलाशी जरा थांबली. मग कपाटातली भांडी पुसत बसली. भांडी स्वच्छ होती.

शनिवारी सकाळी ती खोलीतून बाहेर आली ती अवनीची फुटबॉलची काळी पँट घालून. वर भारताचा शर्ट, गळ्यात मंगळसूत्र. अवनीनं आजीभोवती एक फेरी मारली आणि “पास्ट!” म्हणाली, म्हणजे बरोबर बसतंय. कपिलनं उगाच गाडीच्या किल्ल्या शोधल्या. त्या त्याच्या हातातच होत्या.

बाबा, रागवायचं असेल तर हे वाचून मग रागवा.

सुटताक्षणी आई पुढे गेली. मी तिला असं चालताना कधी पाहिलं नव्हतं. घरात ती ओट्यापासून देव्हाऱ्यापर्यंत घाईनं जाते ते वेगळं. इथे तिची मान ताठ होती, हात कोपरात वाकवलेले, आणि ती कुणाच्याही मागे नव्हती. आयर्लंडच्या बायका तिच्या मागे, झेकच्या दोघी मागे. शुभाताई खूप मागे, पण रामरक्षा म्हणत व्यवस्थित. मग फलकावर आईच्या नंबरापुढे एक लाल खूण आली. थोड्या वेळानं दुसरी. श्रीरंगांचा धीर सुटला आणि ते कुंपणावरून ओरडले, काकू, हळू!

आणि आई हळू झाली. थोडीथोडकी नाही, बाबा. देवळाच्या वाटेवर चालते तशी झाली. मान खाली आली. पदर सावरायला हात खांद्याकडे गेला. तिथे पदर नव्हता. आयर्लंडच्या बायका गेल्या. झेकच्या गेल्या. विभावरीताई गेल्या, जाताना काय झालं म्हणून विचारून गेल्या. श्रीरंग आता चला, चला म्हणून ओरडत होते, पण ते तिच्या कानात शिरत नव्हतं. मग तिनं मागे वळून पाहिलं. शर्यतीत मागे बघायचं नसतं हे तिला शंभरदा सांगितलेलं. पाहिलं, क्षणभर थांबल्यासारखी झाली, आणि पुन्हा निघाली. तेव्हा मात्र तिचा एक पाय असा जमिनीला चिकटून होता की तिसरं कार्ड द्यायला टपलेला पंच कंटाळून पाणी प्यायला गेला.

लहानपणी आपण फिरायला जायचो तेव्हा माझा एक हात पुढे तुमच्या हातात असायचा आणि एक मागे आईच्या. मला वाटायचं, सगळी कुटुंबं अशीच तिरकी चालतात. काल कुंपणाशी उभी असताना माझे दोन्ही हात मोकळे होते आणि त्यांचं काय करावं ते मला कळत नव्हतं. शेवटी टाळ्या वाजवल्या.

आपल्याला सांघिक कांस्यपदक मिळालं. उतरलेले संघ चार होते आणि आयर्लंडची एक बाई शेवटच्या फेरीत पळाली म्हणून बाद झाली, हे राजाभाऊंना सांगायची गरज नाही. (राजाभाऊ, तुम्ही हे वाचलेलं नाही.)

आज नारळीभात केला आहे. आईला मागे का पाहिलंस विचारलं, तर म्हणाली, ते मी त्यांना लिहीन.

माया कमी होऊ देऊ नका, कुणावरचीच.

मुक्ता


सांगली,
१२ ऑगस्ट २०१४

चि. सौ. यमुनेस,
अनेक आशीर्वाद.

मुक्ताचं पत्र मिळालं. राजाभाऊनं कट्ट्यावर पेढे वाटले. माझ्या नावानं वाटले आणि मला एकच दिला, मधुमेह म्हणून. स्थानिक पेपरवाला आला होता. तुझा फोटो मागत होता, शर्यतीतला. मी आपल्या मुक्ताच्या लग्नातला दिला. त्यात तू बसलेली आहेस. तो म्हणाला, काका, चालण्याची बातमी आहे. मी म्हटलं, चालून दमल्यावर बसल्यात.

नको म्हटलेलं तू केलंस, हे मी विसरलो नाही. परत आल्यावर त्यावर बोलू. ती पँट अवनीला परत कर. इथं आणू नकोस.

तेल लावलंस का, हे कुणीच कळवलेलं नाही.

दिनकर


न्युरेम्बर्ग,
१४ ऑगस्ट २०१४

श्री. ह्यांचे सेवेशी,
यमुनेचा सा. न. वि. वि.

तेल इथं मिळालं नाही. खालच्या मजल्यावरच्या बाईंनी कसलंसं हिरवं मलम दिलं. या त्याच बाई. मी रविवारी व्हरांड्यात चालायचा सराव करायची तेव्हा आवाज होतो म्हणून तक्रार घेऊन आल्या होत्या. आता त्याच माझ्याबरोबर तळ्याभोवती चालतात. त्यांना माझं काही कळत नाही, मला त्यांचं. त्या “गेनाऊ” म्हणतात, मी “हो ना” म्हणते. फार छान गप्पा होतात. गुडघा बरा आहे. डावा.

मागं का पाहिलं ते सांगते. त्या श्रीरंगांनी हळू म्हटलं आणि माझे पाय आपोआप हळू झाले. इतकी वर्षं झाली, पायांना तो शब्द पाठ आहे. बरीच चालले तशी. मग वाटलं, आता ह्यांनी गाठलं असेल, म्हणून मागं पाहिलं. तर तुम्ही नव्हतात. नुसता मोकळा रस्ता. म्हटलं, मग मी कुणासाठी थांबलेय?

रागावून नव्हे हो. मनापासून नवलच वाटलं.

पँट अवनीला परत केली. तिनं धुऊन, घडी घालून माझ्या बॅगेत परत ठेवली आणि जर्मनमध्ये काहीतरी बजावलं. मला कळलं नाही असं मी दाखवलं. तुमच्यासाठी चालायचे बूट घेतले आहेत. राखाडी. तुम्ही घालणार नाही म्हणून एक नंबर मोठे घेतले, राजाभाऊंना तरी होतील.

पेपरात माझा बसलेला फोटो आला, हे ठीक झालं. चालतानाचा तुम्ही स्वतः बघावा असं मला वाटतं. म्हणून शेवटी लोभ असावा वगैरे लिहीत नाही, तो आहे हे तेलाच्या बाटलीवरून कळलं. त्याऐवजी एवढंच: मी आले की एकदा, एकदाच, बांगड्यांच्या दुकानापासून देवळापर्यंत मी पुढं चालेन आणि तुम्ही मागून यावं, आणि हळू म्हणू नये, ही विनंती. नाहीच म्हणाल, ठाऊक आहे.

आपली,
सौ. यमुना