मुनीरभाईची राख

शिनोली, मंगळवार संध्याकाळ

सदाभाऊंनी आज त्यांची जुनी मोटार मुद्दाम माझ्याच गॅरेजसमोर उभी केली. म्हणाले, "ऐक राव, आता फटफट न्हाई का काय न्हाई."

तिच्या इंजिनाचा धूर बाहेर नेणारा बिडाचा मॅनिफोल्ड मी तीनदा वेल्ड केला आणि तीनदा तो तिथंच तडकला. शेवटी ते जुन्नरला मुनीरभाई मिस्त्रीकडं गेले. त्यानं काय केलं? भट्टीत तापवून पितळ वितळवून झाळ दिली आणि हळूहळू निवावा म्हणून दिवसभर राखेत पुरून ठेवला. राखेत! आणि मी दर वेळी घाईनं पंख्याखाली ठेवला होता.

"एक चक्कर मारतो," म्हणालो आणि भीमाशंकरच्या रस्त्याला चढावर गाडी दामटली. तडकावा म्हणूनच. इथं खोटं कशाला लिहू? नाही तडकला. इंजिन इतकं गोड चाललं होतं की माझाच जळफळाट झाला.

परत आलो तर सदाभाऊ म्हणतात, "मुनीरभाई तुझं नाव घेत व्हता. म्हणला, हात चांगलाय त्याचा, घाई नडली."

शिवी दिली असती तर परवडलं असतं.

बायकोला सांगितलंय, उद्यापासून चुलीतली राख टाकू नकोस. कशाला, ते नाही सांगितलं.