बारा महिने तिथली

दि. ९ जून

चि. धाकट्यास,
अ. आ. वि. वि.

फोनवर मला अर्धंच ऐकू येतं, म्हणून लिहितो. नात पोचली, जेवली, झोपली एवढं कळलं. पांघरूण कोणतं दिलंस ते कळलं नाही. तिला खिडकीशी झोपवू नकोस, लगेच सर्दी होते.

जनावरांच्या डॉक्टरकीचं कॉलेज नेमकं तुझ्याच राज्यात निघावं आणि बहुतेक जागा तिथल्या रहिवाशांनाच असाव्यात, हे तुझ्या पथ्यावर पडलं. आधी सलग बारा महिने तिथलं होऊन दाखवायचं, मगच अर्ज. ठीक. तिचे आई-बाप गेल्यापासून पंधरा वर्षं मी सांभाळली, एक वर्ष तू सांभाळ. पण तुझ्या नळदुरुस्तीच्या कामांवर तिला हिंडवू नकोस. ती तिथे पाहुणी आहे.

शिलाई मशीनवर बसतो, पण टीप सरळ जात नाही. लोभ आहेच, त्याला ओल लागू देऊ नकोस.

दादा

दि. २ सप्टेंबर

ती. दादांस,
सा. न. वि. वि.

पांघरूण जाड आहे, खिडकी बंद आहे, सर्दी मला झाली आहे.

पोरीला जनावरांच्या दवाखान्यात काम मिळालं. कुत्र्यांची नखं कापते आणि मांजरांकडून ओरबाडून घेते. इथल्या मतदारयादीत नाव लागलं, तुमच्याकडच्या यादीतून कमी करण्याचा अर्जही तिने पाठवला. टपालपेटीवर माझ्या नावाखाली तिचं नाव आलं. रविवारी मी नको म्हटलं तरी माझ्या कामावर येते. परवा एका ओट्याखाली शिरून गळका सांधा तिनेच शोधला, मी नुसती बॅटरी धरून उभा.

ती मला आबा म्हणते, म्हणून जिन्यातली सगळी पोरं आता मला आबाच म्हणतात. तुम्ही हसाल.

आहे ती माया अशीच असू द्यावी.

आपला,
धाकटा

दि. २० सप्टेंबर

चि. धाकट्यास,
अ. आ.

मी हसलो नाही. आबा मी आहे. तू तिचा चुलत आजोबा, तेव्हा तिने तुला दुसरं काहीही म्हणावं. शब्द कमी पडले आहेत का? आणि ओट्याखाली घुसवलीस! मी तिला कधी साधी सुई उचलू दिली नाही.

तिचं नाव इथल्या यादीतून कमी केल्याचा कागद मला आला. नावावर आडवी रेघ. तो घेऊन मी त्याच दुपारी कचेरीत जाऊन आलो. कशाला, ते तुला सांगायचं कारण नाही.

सर्दीला वाफ घे. रागावलो तरी आशीर्वाद थांबवलेले नाहीत.

दादा

दि. ११ जून

ती. आबांस,
सा. न. वि. वि.

कॉलेजच्या तपासणीत माझं नाव दोन्ही राज्यांच्या यादीत निघालं. खिडकीतल्या बाईंनी तुमच्या कचेरीतून आलेला कागद फिरवून माझ्यापुढे धरला. मी तुमच्याच घरी राहते, असं लिहून तुम्ही माझं नाव परत लावलं आहे. खाली तुमची सही, दोन टिंबांसकट. म्हणजे मी इथे फक्त मुक्कामाला आले, असा त्यांनी अर्थ काढला.

धाकटे आबा म्हणतात, दादांनी भोळेपणाने केलं असेल. मला पटत नाही. कापड कापताना तुम्हाला कधी चुकताना मी पाहिलं नाही. दोन दिवस मी फार रागावले होते.

मी तिथे राहत नाही, असं तुम्ही घरमालक म्हणून कचेरीत लिहून द्यायला हवं. तो कागद तीस जूनच्या आत इथे आला तर अर्ज घेतील. नाहीतर बारा महिने पुन्हा पहिल्यापासून मोजायचे, आणि तेही इथेच, याच घरात राहून. हे तुमच्या लक्षात आलं होतं का?

तुमची माया आटली नसेल तर लवकर करा.

तुमची,
नात

दि. १७ जून

चि. नातीस,
अनेक आशीर्वाद.

लक्षात आलं नव्हतं. भोळेपणाही नव्हता. धाकट्याला तसं सांग, उगाच माझी बाजू घेऊ नको म्हणावं. लहानपणी माझे सदरे तो न विचारता घालायचा, त्याचं मला कधी काही वाटलं नाही. पण त्याच्या पत्रात ओट्याचं वाचलं, त्याचं वाटलं. पंधरा वर्षं मी तुला दोरा ओवायलाही सांगितलं नाही, आणि त्याने तीन महिन्यांत तुझ्या हातात पाना दिला. तू खूश होतीस, हे त्याच्या अक्षरांतूनही दिसत होतं. कचेरीत मी तुझं नाव लावलं ते तुझ्यासाठी नाही. त्याच्या टपालपेटीवरून ते निघावं म्हणून.

काल सकाळी दार उघडायच्या आधीच कचेरीत जाऊन बसलो. चार कोरे कागद खराब केले. पाचव्यावर लिहिलं की माझी नात माझ्या घरी राहत नाही, आधीचं मी खोटं लिहिलं होतं. कारकुनाने विचारलं, कधीपासून राहत नाही? तारीख मी कॅलेंडर न बघता सांगितली. तो म्हणाला की आजोबा, खोट्याबद्दल नोटीस येऊ शकते. मी म्हटलं, येऊ दे, घरी मी असतोच.

शेवटी एक रकाना राहिला होता, घरात राहणारी एकूण माणसं. तिथे एकचा आकडा घातला. कारकून म्हणाला की अक्षरातही लिहा, म्हणजे पुढे कोणाला बदलता येणार नाही. तेही लिहिलं. कागद सोबत जोडला आहे, घडी पडू देऊ नकोस.

तुझा,
आबा